बेंच प्रेस वाढला, थ्रो मात्र तिथंच: ताकद चेंडूत कशी उतरवायची

प्रश्न ऐरोलीच्या एका १९ वर्षांच्या क्लब क्रिकेटपटूचा आहे. वजन ६६ किलो. आठ महिन्यांत बेंच प्रेस (बाकावर पाठीवर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) ४५ वरून ७० किलोवर गेला, तरी सीमारेषेवरून केलेला थ्रो कीपरकडे दोन टप्पे घेऊनच पोचतो. रबरी ट्यूब खांबाला बांधून तो रोज थ्रोची नक्कल करतो. मित्र म्हणतो, एक किलोचा बॉल फेकत जा. बेंचच्या दुसऱ्या दिवशी खांदा पुढच्या बाजूनं दुखतो. वजनं, मशिन, ट्यूब आणि जड चेंडू, यांतलं नेमकं काय करावं, असं त्याला विचारायचं आहे.

आधी हे मनातून काढून टाक की बेंच वाया गेला. हँडबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत जड बेंच प्रेस आणि पुलओव्हर (झोपून वजन डोक्यामागून छातीवर आणणं) काही आठवडे केल्यावर फेकीचा वेग वाढलेला दिसतो. पण मुळात ताकद कमी असते तेव्हा कोणताही व्यायाम फळ देतो. आपल्या वजनाइतका बेंच होऊ लागला की पुढच्या प्रत्येक पाच किलोमागे थ्रोच्या पदरात फारसं काही पडत नाही. तू त्या टप्प्यावर आला आहेस.

कारण वेळेचं आहे. थ्रोमध्ये हात मागे पूर्ण वळलेला असतो, तिथपासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचे तीन ते पाच शतांश जातात. स्नायूला आपला पूर्ण जोर उभा करायला साधारण तीन दशांश सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. ७० किलोची शेवटची रेप (एक उचल) तू दात-ओठ खात दोन सेकंदांत वर नेतोस, तो जोर थ्रोच्या या अखेरच्या टप्प्यात वापरायला वेळच मिळत नाही. बेसबॉलच्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा) दंड खांद्यात आतल्या बाजूला सेकंदाला सुमारे ७००० अंशांच्या वेगानं फिरतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ वीस फेऱ्या. कोणताही बार त्या वेगाच्या जवळपासही जात नाही.

मग जड वजनाचा उपयोग कुठे? जिथे हालचाल सावकाश असते आणि जोर लावायला वेळ मिळतो तिथे: मागच्या पायानं जमीन ढकलणं, पुढचा पाय टेकल्यावर गुडघा न वाकू देता तो घट्ट रोखणं, कंबर वळवणं. चेंडूत जाणारी निम्मी ऊर्जा ढोबळमानानं पायांतून आणि धडातून येते. हात ती शेवटी चेंडूपर्यंत पोचवतो. म्हणून तुझ्या वेळापत्रकात छाती दोनदा, बायसेप्स दोनदा आणि स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) एकदाही नाही, हे मला खांद्याच्या दुखण्याइतकंच खटकतं.

अडचण नेमकी कुठे आहे हे आधी तपासून घे. अर्ध्या तासाचं काम आहे. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बस, पाय सरळ, आणि दोन किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा मोठा, जड चेंडू) दोन्ही हातांनी छातीपासून पुढे फेक. पाठ भिंतीवरून सुटता कामा नये. पाच फेकींतली सर्वात लांब मोज आणि लिहून ठेव. दर चार आठवड्यांनी बेंच आणि ही फेक शेजारी शेजारी लिही. बेंच वाढतोय पण फेक तिथंच असेल, तर ताकद आहे आणि ती झटपट लावता येत नाही. दोन्ही वाढतायत आणि थ्रो तिथंच, तर दोष पाय, धड किंवा तंत्रात आहे. त्यासाठी दुसरी चाचणी: एका जागी उभा राहून थ्रो कर आणि मग दोन-तीन पावलं घेऊन थ्रो कर. पावलं घेऊनही वेगात दोन-तीन किमीचीच भर पडत असेल तर पाय नुसते धावतायत, फेकत नाहीत.

वेग मोजायला रडार गन लागत नाही. भिंतीपासून बरोबर २० मीटरवर रेघ मार, मित्राला बाजूला लांब उभं करून फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांग. हात आणि भिंत दोन्ही चौकटीत दिसले पाहिजेत. चेंडू बोटांतून सुटल्याच्या फ्रेमपासून भिंतीला लागेपर्यंतच्या फ्रेम मोज आणि १७,२८० ला त्या संख्येनं भाग. उत्तर ताशी किमीत येतं. १८० फ्रेम म्हणजे ९६, १७३ फ्रेम म्हणजे जवळजवळ १००. एका फ्रेमची चूक अर्ध्या किमीच्या आसपास फरक पाडते, तेवढी चालते. हा वाटेतला सरासरी वेग आहे, सुटतानाचा वेग थोडा जास्त असतो, पण स्वतःशी तुलना करायला पुरे. काही स्वस्त फोन खऱ्या फ्रेम न टिपता मधल्या फ्रेम बनवून भरतात, म्हणून एकाच फोनवर मोज. आणि एक-दोन किमीचा चढउतार रोजचाच असतो. आज ९७ आणि परवा ९५ आले म्हणून कार्यक्रम बदलायचा नाही.

आता साधनांकडे. कोणतं साधन चांगलं, यापेक्षा ते कोणत्या कोनात आणि कोणत्या क्षणी अडवतं, हे बघायचं.

बारबेल आणि डंबेल जोराचा पाया घालतात, पण वेगासाठी त्यात एक खोट आहे. बार हातातून सुटत नाही, त्यामुळे हलकं वजन जोरात ढकललं तर वरच्या टोकाला ते थांबवावं लागतं, आणि हालचालीचा मोठा भाग ब्रेक लावण्यातच जातो. थ्रोला उलटं हवं, सुटेपर्यंत वेग वाढतच राहायला हवा. म्हणून वेगाचं काम अशा साधनानं करायचं जे हातातून सुटतं. जिममध्ये स्मिथ मशिनवर (यात बार उभ्या रुळांत सरकतो) बार वर उडवून झेलतात, त्याला बेंच थ्रो म्हणतात. वजन कमाल बेंचच्या (एकदाच जेमतेम उचलता येतं त्या वजनाच्या) ३० ते ४० टक्के, तुला २१ ते २८ किलो. पण दोन्ही बाजूंना जाणती माणसं आणि खाली सुरक्षेचे अडसर नसतील तर हा प्रकार करूच नकोस. सोसायटीच्या जिममध्ये तर नाहीच. तिथे जोरात ढकलून तळवे जमिनीवरून उचलले जातील असे पुशअप काढ, पाच-पाचचे तीन सेट, म्हणजे सलग पाच, असं तीनदा. पाचव्याला तळवे उचलले जाईनासे झाले की सेट संपला.

ट्यूबबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण रोज संध्याकाळी मैदानांवर खांबाला ट्यूब बांधून थ्रोची नक्कल करणारी मुलं दिसतात. रबर जितकं ताणलं जातं तितकं जास्त ओढतं. म्हणजे हालचालीच्या सुरुवातीला, जिथे थ्रोला झटका हवा, तिथे ते ढिलं असतं. शेवटी, चेंडू सुटून गेल्यावर हात मंदावायचा असतो, तिथे ते सगळ्यात जास्त अडवतं. शिवाय परत येताना तेच रबर हात मागे खेचतं, आणि पुढून दुखणाऱ्या खांद्याला तो झटका नको असतो. ट्यूब फेकू नकोस, उलट दिशेनं वापर: कोपर बरगडीला लावून हात बाहेर फिरवणं, कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवून मागे फिरवणं, आणि दोन्ही हातांनी चेहऱ्याकडे ओढायचा फेस पुल. हे स्नायू थ्रोनंतर हाताला ब्रेक लावतात. ब्रेक कमजोर असले तर शरीर वेग पूर्ण वाढू देत नाही, आणि जबरदस्तीनं वाढवलाच तर ते फाटू शकतात. सामन्याआधी अंग गरम करायलाही ट्यूब छान, पंधरा-पंधराचे दोन सेट पुरतात.

केबल मशिनमध्ये वजन बहुतांश मार्गात सारखंच राहतं. उभं राहून एका हाताचं प्रेस (पुढे ढकलणं), एका हाताचं रोइंग (मागे ओढणं), आणि खालून वर तिरकं ओढणं यांसाठी ते सोयीचं. पाय जमिनीवर आणि धड वळणारं असल्यामुळे पडून केलेल्या बेंचपेक्षा हे थ्रोच्या जवळचं आहे.

मेडिसिन बॉल हे तुझं मुख्य साधन असायला हवं. रबरी, उसळणारा, दोन किलोचा घे. तीन किलोचा फक्त धड वळवून फेकायला. चार फेकी पुरेत: छातीपासून, डोक्यावरून दोन्ही हातांनी, बाजूनं कंबर वळवत, आणि एक पाऊल पुढे टाकत डोक्यावरून. प्रत्येकीचे पाच-सहाचे तीन सेट, सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. दमायचं नाही. चेंडूचा भिंतीवरचा आवाज मऊ पडला की थांब. बरेच जण हा बॉल धाप लागेपर्यंत मिनिटभर फेकत राहतात, त्यात दम वाढतो, वेग नाही. सोसायटीच्या पोडियमच्या भिंतीवर फेकलास तर दोन दिवसांत सेक्रेटरींचा फोन येईल, तेव्हा मैदानाच्या कुंपणाची दगडी किंवा काँक्रीटची भिंत शोध.

आता मित्राचा एक किलोचा बॉल. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, एक किलो म्हणजे त्याच्या सहापट. एका हातानं तो थ्रोसारखा फेकलास तर कोपर खाली पडतं, हालचाल गोळाफेकीसारखी होते आणि कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर नको तेवढा ताण येतो. नीरज चोप्राच्या सरावाचे व्हिडिओ बघून हे सुरू करणारे बरेच आहेत. त्याचा भाला ८०० ग्रॅमचा आहे आणि त्या कामासाठी त्याचं शरीर कित्येक वर्षं घडत आलं आहे. जड-हलक्या चेंडूंचा खेळ आपल्या चेंडूच्या वजनापासून साधारण २० टक्के वर-खाली इतकाच ठेवावा. तुझ्यासाठी हलका चेंडू सोपा आहे: १३ वर्षांखालच्या मुलांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो, खेळाच्या दुकानात सहज मिळतो. हलक्यानं हात नेहमीपेक्षा जोरात फिरायला शिकतो. जड बाजूला १९० ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि खांदा दुखतोय तोवर जड बाजू बंदच. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळकरी पिचरांना सहा आठवडे जड-हलके चेंडू फेकायला लावले. वेग सरासरी ३.३ टक्के वाढला, पण त्या गटातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली. त्यात जड चेंडू बेसबॉलच्या सहापटीहून जास्त वजनाचेही होते, म्हणजे मित्र सांगतोय त्याच मापाचे.

आणि जुनी साधनं? जोर-बैठकांतले जोर काढणं तुला बेंचइतकंच उपयोगी आहे. बेंचवर खांद्यांची पाती बाकावर दाबली जातात, जोर काढताना ती बरगड्यांवर मोकळी सरकतात, थ्रोतही तशीच सरकतात. बरगड्यांच्या बाजूचा, पाती पुढे ओढणारा स्नायू जोरांनी चांगला तयार होतो. पंधराचे तीन सेट, घाई न करता. हलकं मुद्गल फिरवण्यानं खांद्याचा आवाका आणि मनगटाची पकड टिकते. मात्र त्यानं फेकीचा वेग वाढेल अशी आशा धरू नकोस.

पाम बीच रोडवर दहा किमी पळण्यानंही थ्रो वाढत नाही. पायांच्या जोरासाठी ठाण्यातल्या येऊरच्या चढावर २० मीटरच्या सहा-आठ जोरदार धावा जास्त कामाच्या, दोन धावांत पूर्ण विश्रांती घेऊन.

कार्यक्रम बारा आठवड्यांचा कर आणि पावसाळ्यात बसव. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात असतात, ऑक्टोबरला सीझन उघडतो. हिशोब सरळ आहे.

पहिले चार आठवडे पाया. आठवड्यातून दोनदा जिम, मध्ये किमान दोन दिवस अंतर. स्क्वॉट सहाचे चार सेट, कमाल वजनाच्या सुमारे ७५ टक्क्यांवर. स्क्वॉट कधी केलाच नसेल तर पहिले दोन आठवडे रिकाम्या २० किलोच्या बारवर खोली आणि पाठ नीट कर, टक्क्यांचं गणित नंतर. रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत बार खाली नेणं आणि वर आणणं) आठचे तीन. बेंचऐवजी डंबेल प्रेस, तळवे एकमेकांकडे अर्धे वळवून, सहाचे तीन. एका हाताचं रोइंग आठचे चार. चिनअप (दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं) जमतील तितके, तीन वेळा. डंबेल पुलओव्हर १० ते १४ किलोनं आठचे तीन. शेवटी फेस पुल पंधराचे तीन आणि कुशीवर झोपून दोन-तीन किलोचं डंबेल बाहेर फिरवणं, खाली आणताना तीन सेकंद घेऊन, बाराचे तीन. ओढण्याचे सेट ढकलण्याच्या सेटपेक्षा जास्त आहेत, ते मुद्दाम. या महिन्यात थ्रो हलके, आठवड्यात दोन दिवस, ३० मीटरच्या आत.

पुढचे चार आठवडे जड. स्क्वॉट आणि प्रेस चारचे चार सेट, सुमारे ८५ टक्क्यांवर, सेटमध्ये तीन मिनिटं. जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं थांबून मेडिसिन बॉलच्या पाच फेकी. रेप अडली आणि बार थांबला तर वजन जास्त झालं. शेवटची रेपही न अडखळता वर जायला हवी, अजून एक निघाली असती असं वाटलं पाहिजे. या महिन्यात जोरदार थ्रोची संख्या दिवसाला १५ वर आण.

शेवटचे चार आठवडे वेग. प्रेस ५० ते ६० टक्क्यांवर, तीनचे चार सेट, बार जमेल तितक्या जोरात. जड वजन आठवड्यातून एकदाच, तीनचे दोन सेट, फक्त जोर टिकवायला. मेडिसिन बॉल दोन दिवस. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण ताकदीचे २० ते २५ थ्रो, त्यांतले पाच-सहा हलक्या चेंडूनं, प्रत्येक थ्रोनंतर वीस-तीस सेकंद थांबून. थ्रो आणि जिम एकाच दिवशी आले तर थ्रो आधी, नेहमीच. थकलेल्या खांद्यानं थ्रो केला की कोपर खाली येतं आणि तीच सवय पक्की होते. एका आठवड्यात जोरदार थ्रोची संख्या दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त वाढवू नकोस. खांदे दुखावतात ते अनेकदा नेट सराव सुरू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसाळाभर न फेकता एकदम शंभर थ्रो मारल्यानं.

तुझ्या पुढच्या बाजूच्या दुखण्यासाठी आधी हे तपास. पाठीवर झोप, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर ९० अंशांत. मित्राला खांदा बाकावर दाबून धरायला सांग आणि हात बाहेरच्या बाजूला किती जातो, आत किती जातो, ते फोनच्या लेव्हल अॅपनं मोज. फेकणाऱ्या हातात आतलं वळण कमी आणि बाहेरचं जास्त असणं नेहमीचंच आहे. पण आत-बाहेरची बेरीज दुसऱ्या खांद्यापेक्षा पाच अंशांहून कमी भरली, किंवा आतलं वळण वीसेक अंशांनी घटलं असेल, तर खांद्याची मागची बाजू आखडली आहे. कुशीवर झोपून दुसऱ्या हातानं मनगट हळू खाली दाबायचा ताण, ३० सेकंद तीनदा, रोज. जोडीला छातीचा ताण आणि फोम रोलरवर पाठीचा वरचा भाग मागे वाकवणं. दिवसभर कॉलेजच्या बाकावर आणि मग ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत एकाच खांद्यावर किटबॅग, यानं खांदे पुढे ओढले जातात. बॅग चाकांची नसेल तर निदान खांदा बदलत राहा. बेंच तीन आठवडे बंद ठेव, नंतर सुरू करताना कोपरं धडापासून ४५ अंशांच्या आसपास ठेव, खांद्याच्या रेषेत फाकवू नकोस. रात्री दुखून जाग येणं, थ्रोनंतर हात मेल्यासारखा वाटणं, बोटांना मुंग्या किंवा खांदा निसटल्याची भावना, यांतलं काही असेल तर वरचा सगळा कार्यक्रम बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखव.

तंत्राचं एकच सांगतो, कारण त्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. चेंडू उचलल्यावर उडी घेऊन मागचा पाय आडवा टेकव, मग पुढचा पाय लक्ष्याकडे, आणि तो टेकेपर्यंत छाती बाजूलाच राहू दे. छाती आधी उघडली की कमरेचा जोर हातापर्यंत येत नाही. कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली नको. आणि हिशोब बघ: ६० मीटरच्या थ्रोला सरासरी ९० किमी वेगानं २.४ सेकंद लागतात. वेग पाच टक्के वाढला तर ०.११ सेकंद वाचतो. तेवढ्यात सेकंदाला सात मीटर धावणारा फलंदाज पाऊण मीटर जातो, म्हणजे धावबादचा निकाल बदलू शकतो. पण चेंडू उचलून सोडेपर्यंत आळसात ०.३ सेकंद गेले तर बारा आठवड्यांची सगळी कमाई तिथेच संपली. दोन टप्प्यांचा थ्रो कधी कधी फार उंच सोडल्यामुळेही होतो. सपाट सोड आणि कीपरच्या आठ-दहा मीटर आधी एकच टप्पा टाक.

खाण्याचं थोडक्यात: दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं, तुला साधारण १०५ ग्रॅम. अंडी, दूध, पनीर, उसळी, चिकन-मासे यांत ते बसतं, सरावानंतरच्या वडापावात बसत नाही.

सीझनमध्ये जिम सोडू नकोस. रविवारी सामना असेल तर बुधवारी ४० मिनिटं: स्क्वॉट आणि प्रेस तीनचे दोन-दोन सेट ८० टक्क्यांवर, रोइंग, फेस पुल आणि मेडिसिन बॉलच्या दहा फेकी. शुक्रवारी फक्त ट्यूब. पहिली मोजणी कार्यक्रम सुरू करण्याआधी, मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी, त्याच भिंतीवर आणि दोन दिवस विश्रांती घेऊन. आठव्या आठवड्यात आकडा एक-दोन किमीनं खाली आला तर घाबरू नकोस, जड महिन्याचा थकवा असतो. बाराव्यातही तिथंच राहिला, तर बसून केलेल्या मेडिसिन बॉलच्या फेकीचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघ आणि पुढचा महिना त्यावरून ठरव.